महाराणी तिसऱ्या अंकात काय म्हणते

कुठल्याही शोकांतिकेतली महत्त्वाची अवतरणं आणि आशयसूत्रं मी तीन संध्याकाळी शिकवून देते, असं मी राजनंदिनीला दारातच सांगितलं. तिने अजून चप्पलही काढली नव्हती.

"आणि हे नाटक तर मला पाठ आहे," मी म्हणाले.

नाटकाचं नाव इथे देत नाही. ते अजून अभ्यासक्रमाला आहे, आणि मला वारज्यापासून लोणी काळभोरपर्यंत तोंड न लपवता फिरायचं आहे. एवढं सांगते, की त्यात एक राजा आहे, दिलेल्या शब्दाखातर तो नदी अडवतो, खालची गावं वाळून जातात, आणि शेवटी त्याच्यापाशी पाण्याशिवाय काही उरत नाही. लोणी काळभोरच्या कॉलेजात माझे बाबा, म्हणजे दशरथ सर, हे नाटक एकतीस वर्षं शिकवत होते. आमच्या घरात राजाचं नाव मामाच्या नावासारखं घेतलं जायचं. "तो असा वागायला नको होता," असं बाबा जेवताना म्हणाले, की आई विचारायची, "कोण, तुमचा राजा की माझा भाऊ?"

राजनंदिनी आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. बाबांच्याच आग्रहामुळे ती एवढ्या लांबच्या कॉलेजात गेली, आणि या नाटकाच्या अंतर्गत परीक्षेत दोनदा नापास झाली. मग फेब्रुवारीत बाबांनी तिला शिकवायला घेतलं. दोन अंक झाले. मार्चमध्ये बाबा गेले.

त्यानंतर सात महिने ती जिन्यात भेटली की खाली बघायची. ऑक्टोबरात परीक्षेची तारीख लागली तेव्हा नाइलाजाने दारात आली. तिसऱ्यांदा नापास झाली असती तर तिचं अख्खं वर्ष गेलं असतं.

"दीक्षाताई, तिसऱ्या अंकापासून राहिलंय," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं होतं, खरं नाटक तिथेच आहे."

"मग बरोबर ठिकाणी आलीस," मी म्हणाले.

मी नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्यावर माणसाला आपली चूक होऊ शकते हेच आठवत नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, बाबांचं अर्धवट राहिलेलं काहीतरी मला पूर्ण करायला मिळत होतं. त्यांचा चष्मा, छत्री, कुलुपाच्या किल्ल्या, सगळं आपापल्या जागी पडून होतं आणि त्यातलं काहीच अर्धवट नव्हतं. हे होतं.

पहिली अडचण पहिल्याच संध्याकाळी आली. राजनंदिनीकडची प्रत जुन्या बाजारातली. तिच्यात सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधलेला होता आणि त्याच्या पुढचा फर्मा बांधायचाच राहिला होता. म्हणजे दुसरा अंक दोनदा, आणि तिसरा अजिबात नाही.

"दुसरी प्रत बघू का कुणाकडे?" तिने विचारलं.

"कशाला? मी आहे ना."

बाबांची स्वतःची प्रतही घरात नव्हती. जलदान विधी झाल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे सगळी पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला गेली होती. मागे राहिला होता फक्त बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. आईच्या मते डबा म्हणजे पुस्तक नव्हे, म्हणून तो वाचला.

त्या डब्यात बाबांची चाळीस वर्षांची मेहनत होती. घरी येणारी प्रत्येक लग्नपत्रिका ते जपून ठेवायचे आणि लग्न पार पडलं की कात्रीने तिचे चार तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याच्या कोऱ्या बाजूवर एक अवतरण, आणि कोपऱ्यात लाल शाईने आशयसूत्र. 'शब्द', 'नदी', 'अहंकार'. खाली अंक आणि प्रवेश. मागच्या बाजूला कुणाच्या तरी मामाचा पत्ता.

मी दोन दिवस बसून दोनशे तुकडे लावले. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, सगळे अंक पुस्तकाशी ताडून पाहिले. अक्षरन् अक्षर बरोबर. उरले अकरा. त्यांच्या कोपऱ्यात 'मौन' असं लिहिलं होतं, आणि अंक-प्रवेश कशावरच नव्हता. पुस्तकात ती वाक्यं कुठेच सापडेनात.

आता मुद्रित तपासणाऱ्या माणसाचा तर्क पाहा. चार अंकांत नाहीत, म्हणजे तिसऱ्यात आहेत. बोलणारी बाई आहे, म्हणजे महाराणी आहे. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे मला ती वाक्यं ओळखीची वाटत होती. इतकी ओळखीची, की एकेक वाचताना ती कुठल्या आवाजात म्हणायची हेसुद्धा मला कळत होतं. नाटक पाठ असणं म्हणजे आणखी काय असतं?

त्या अकरांतली काही इथे देते.

'एवढ्या उजेडात बसून तुम्हाला अंधाराचंच कसं वाचवतं?'

'गेली तिच्यामागे धावू नये. पुढची येईल.'

'दोन घास जास्त खाल्ल्याने कुणाचं राज्य बुडालेलं नाही.'

'तुमच्याआधी मी जाणार नाही. तुम्हाला काही सापडत नाही.'

शेवटचं वाचून राजनंदिनीने वहीवरून मान वर केली. मग म्हणाली, "ताई, हे फारच भारी आहे."

"लिही," मी म्हणाले. "आशयसूत्र, राजाचं आंधळेपण. त्याला नदी दिसते, नकाशा दिसतो, जवळचं माणूस दिसत नाही. महाराणी त्याला शाप देत नाहीये. ती त्याची काळजी करतेय, आणि तोच शाप आहे."

मला स्वतःलाच हे इतकं आवडलं, की मी ते दोनदा सांगितलं. मग गाडी सुटलीच. 'गेली तिच्यामागे धावू नये' म्हणजे राज्यलक्ष्मीचं चंचलपण. 'दोन घास' म्हणजे अखेरच्या मेजवानीतला दारुण उपरोध. दहा पानांच्या टिपणाला मी शीर्षक दिलं, 'तिसऱ्या अंकातील महाराणीची वाणी'. राजनंदिनीने विचारलं, मैत्रिणीला फोटो पाठवू का. मी म्हटलं, पाठव की, ज्ञान वाटल्याने कमी होत नाही. मैत्रिणीने ते वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. वर्गात अडतीस जण होते.

हे सगळं चालायचं बाबांच्या खोलीत, दार लोटून. आई मार्चपासून त्या खोलीत आली नव्हती. झाडायचं असेल तर दारातून कुंचा आत सरकवायची आणि मला म्हणायची, "तेवढं तूच कर."

गुरुवारी परीक्षा झाली. शुक्रवारी संध्याकाळी राजनंदिनी उड्या मारत आली. पेपर उत्तम गेला होता. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती.

"काकू, महाराणीवरच प्रश्न होता. अकराच्या अकरा अवतरणं लिहिली. सगळ्यांनी लिहिली," ती म्हणाली, आणि हात छातीवर ठेवून तिने म्हणून दाखवलं, "तुमच्याआधी मी जाणार नाही. तुम्हाला काही सापडत नाही."

आईचा हात मेथीत थांबला.

"परत म्हण."

राजनंदिनीने परत म्हटलं, या वेळी जरा जास्त नाट्यमय.

"कुणी म्हटलंय हे?"

"महाराणी. अंक तिसरा."

"महाराणी कुठली," आई म्हणाली. "मी म्हणाले होते. यांना दवाखान्याची फाईल सापडत नव्हती तेव्हा. फाईल काखेत होती."

मी म्हटलं, "आई, योगायोग असेल. थोर वाक्यं अशीच असतात, प्रत्येकाला आपली वाटतात."

"दुसरं सांग."

"गेली तिच्यामागे धावू नये. पुढची येईल," राजनंदिनी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता.

"लोणीची बस. सकाळी सातची. हे रोज टिफिन विसरायचे, परत यायचे, बस जायची. मी गॅलरीतून ओरडायचे." आईने माझ्याकडे पाहिलं. "तू शिकवलंस हे? राणीचं म्हणून? तुझ्यासमोर म्हणायचे की गं मी."

मला ती वाक्यं का ओळखीची वाटली होती, ते तेव्हा कळलं. पंचवीस वर्षं मी ती गॅलरीच्या दारात उभी राहून दात घासताना ऐकली होती.

मी डबा आणून आईपुढे ठेवला. ती एकेक तुकडा दिव्याकडे धरून वाचायला लागली. राजनंदिनी मात्र भिंतीला टेकून हळूहळू खाली बसत गेली.

"ताई, म्हणजे अडतीस जणांनी पेपरात काकू लिहिल्यात?"

"घाबरू नकोस," मी म्हणाले. "मी उद्या जाऊन भेटते."

"तू गप्प बस," आई म्हणाली. "मी येते. वाक्यं माझी आहेत."

शनिवारी आम्ही तिघी लोणी काळभोरला गेलो. दोन बस बदलून दीड तास. आई खिडकीशी बसली होती आणि एकदाच बोलली. "हे रोज एवढं यायचे?" मी हो म्हटलं. "आणि मी विचारायचे, आल्या आल्या झोपता कशाला."

मराठी शिकवणारे शरच्चंद्र सर बाबांचेच विद्यार्थी. बोलणं मोजकं आणि कोरडं. टेबलावर पेपरांचा गठ्ठा होता. आईला पाहून ते उठून उभे राहिले, मला पाहून बसले.

"मी तुमची वाटच पाहत होतो," ते मला म्हणाले. "पेपर तपासताना टिपण मागवून पाहिलं, त्यावर तुमचं नाव होतं. अडतीस पेपर आहेत. अडतीसही पेपरांत महाराणी तिसऱ्या अंकात अकरा वाक्यं बोलते."

"हो, त्यात थोडी गफलत झाली आहे. नेमकी कुठली वाक्यं..."

"दीक्षाताई, महाराणी तिसऱ्या अंकात एकही वाक्य बोलत नाही."

मी पंख्याकडे पाहिलं.

"पूर्ण अंकभर ती रंगमंचावर असते आणि एक अक्षर उच्चारत नाही. या नाटकाची जी काही कीर्ती आहे ती त्यामुळे आहे. आपण वाचलं असेलच."

"पाठ आहे," मी म्हणाले. आता मागे फिरायला जागा नव्हती.

"छान." त्यांनी वरचा पेपर उघडला. "या विद्यार्थिनीने लिहिलंय, 'मेजवानीच्या प्रवेशातील राणीचा उपरोध काळजाला भिडतो.' तिसऱ्या अंकात मेजवानी नाही. दुष्काळ आहे."

आई खुर्चीत पुढे सरकली. "सर, पोरांचा दोष नाही. ती वाक्यं माझी आहेत. हिच्या वडिलांनी कशाला लिहून ठेवली देव जाणे. चाळीस वर्षं मी बोलत होते तेव्हा हूं की चूं नाही. मी आपली भिंतीशी बोलल्यासारखी बोलायचे."

शरच्चंद्र सरांनी पेपर मिटला.

"काकू, वाक्यं तुमची आहेत हे मला पहिल्या पेपरालाच कळलं. मी सरांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचो. सर तिसऱ्या अंकापर्यंत आले की पुस्तक मिटायचे. म्हणायचे, महाराणी इथे गप्प आहे. ती बोलली असती तर काय बोलली असती, यावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय. मला ते वाचायची गरज नाही, मी ते रोज घरी ऐकतो. मग खिशातून पत्रिकेचे तुकडे काढून वाचायचे."

"वर्गात?" आई म्हणाली. "सगळ्या पोरांसमोर?"

"आम्ही वहीत उतरवून घ्यायचो."

आईने पदर सारखा केला. मग पुन्हा सारखा केला.

"आणि परीक्षेत कुणी लिहिलं तर?" मी जरा आशेने विचारलं.

"शून्य द्यायचे. बजावून सांगायचे, हे नाटकात नाही, हे माझ्या घरात आहे." सरांनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "त्यामुळे मलाही शून्यच द्यावं लागेल. अडतीस शून्यं."

राजनंदिनीच्या तोंडाकडे पाहवेना. तिने एवढंच विचारलं, "सर, माझं हे तिसरं आहे."

"माहीत आहे."

आई म्हणाली, "शून्य द्यायचं तर हिला द्या. हिची आता कुठलीच परीक्षा नाही."

सर पहिल्यांदा हसले. थोडंच. "सोमवारी पुन्हा घेतो. सगळ्यांची. एकच प्रश्न, तिसऱ्या अंकावर." त्यांनी ग्रंथालयातून बाबांची प्रत मागवली आणि हरवलेल्या सोळा पानांच्या झेरॉक्स काढून दिल्या. देताना मला म्हणाले, "शिकवण्याआधी एकदा नजरेखालून घाला. आपल्याला पाठ आहे, तरी."

परतीच्या बसमध्ये राजनंदिनीचा फोन थरथरत राहिला. वर्गाच्या ग्रुपवर सोमवारची बातमी पोचली होती. एकाने लिहिलं होतं, 'दीक्षाताईंना आमच्याकडून एक अवतरण: तुम्हाला काही सापडत नाही.' त्यावर चोवीस जणांनी हसून घेतलं होतं.

रविवारी दुपारी राजनंदिनी पानं घेऊन आली. मी तिला बाबांच्या खोलीत बसवलं. थोड्या वेळाने आई दारात आली, उंबऱ्यावर घुटमळली, मग आत येऊन बाबांच्या खुर्चीत बसली. "काय लिहिलंय त्या बाईबद्दल, वाच," ती म्हणाली. "एवढी वर्षं ऐकते आहे."

राजनंदिनी वाचू लागली. बाबांच्या प्रतीची झेरॉक्स, त्यामुळे ओळीओळीखाली रेघा आणि समास भरून टाकलेले. फक्त शेवटच्या पानावर, जिथे राणी जाते, समास कोरा होता. तिथे सूचना होती, 'महाराणी दिवा उचलते. पुन्हा ठेवते. दाराशी जाते. थांबते. जाते.'

"थांबते कशाला?" आईने विचारलं.

"राजा हाक मारेल म्हणून?" राजनंदिनी म्हणाली.

"मारतो का?"

"नाही. तो नकाशा बघत असतो."

"मग बोलून तरी काय उपयोग होता," आई म्हणाली.

"पण काकू, तुम्ही बोलत होता."

"माझा नवरा लिहून घेत होता." आईने टेबलावरचा त्यांचा चष्मा उचलून पदराने पुसला. "मला माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी."

मी राजनंदिनीच्या प्रतीत पुढचे अंक चाळत होते, आणि माझ्याच तोंडून निघून गेलं, "म्हणजे ती परत येतच नाही?"

राजनंदिनी लिहिण्यात गुंग होती. आईने मात्र चष्मा पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं.

सोमवारी पेपर झाला. प्रश्न होता, महाराणीच्या मौनाचा अर्थ. पुढच्या शुक्रवारी राजनंदिनी निकाल घेऊन आली. चाळीसपैकी सत्तावीस. तिने आईला वाकून नमस्कार केला, आणि उत्तरात एकही अवतरण घातलं नाही हे मला तीनदा सांगितलं.

"शेवटी काय लिहिलंस?" आईने विचारलं.

"लिहिलं, की ती गप्प आहे कारण ऐकणारं कुणी नाही. ऐकणारं कुणी असलं की माणूस बसबद्दलसुद्धा बोलतं." ती जायला निघाली आणि दारात थांबली. "ताई, तुम्ही हे नाटक पहिल्यांदा कधी वाचलं होतं?"

मी घसा साफ केला. "मी सतरा वर्षांची होते, तेव्हा बाबांनी..."

"गेल्या रविवारी," आई म्हणाली.

राजनंदिनी हसत जिना चढून गेली. मी दार लावलं. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून सांगून टाकते. घरातलं प्रत्येक पुस्तक मी वाचलं होतं, हे सोडून. सतराव्या वर्षी बाबांनी ते माझ्या हातात दिलं, पहिला प्रवेश मला कंटाळवाणा वाटला, आणि पंधरा दिवसांनी मी 'वाचलं, फार आवडलं' म्हणून परत केलं. पुढची बावीस वर्षं त्यावर मी त्यांच्याशी तावातावाने बोलत होते. ते बोलायचे तेवढंच ऐकून. मार्चमध्ये दवाखान्यातही ते त्यावरच बोलले. तेव्हा सांगून टाकावं असं वाटलं होतं. पण ते राजाबद्दल इतकं रंगून बोलत होते, की मी फक्त हो, हो म्हणाले.

"तुला रविवारी कळलं," मी आईला म्हणाले.

"मला रविवारी. त्यांना तू परत दिलंस त्याच दिवशी. तुझा कॉलेजचा बसपास त्या पुस्तकात होता, सातव्या पानात. पंधरा दिवस तू पास हरवला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतंस. त्यांनी तो काढून गुपचूप तुझ्या दप्तरात टाकला. मला म्हणाले, काही बोलू नकोस. मला वाटलं, पासाबद्दलच म्हणतायत."

मी खुर्ची ओढून बसले.

"मग कधी विचारलं का नाही त्यांनी? बावीस वर्षं?"

"पुढे एकदा तू त्या राजावरून त्यांच्याशी तासभर भांडलीस. तू उठून गेल्यावर हे आपले एकटेच हसत बसले. म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, न वाचता इतकं चांगलं बोलते, वाचलं तर बिघडेल."